मे महिन्यात फुगणाऱ्या नद्या : हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे मे महिन्यात नदी आटते. पात्रात मधोमध चिंचोळी धार उरते, बाकी सगळे उघडे धोंडे, वाळू आणि त्यात क्रिकेट खेळणारी पोरं. पाणी वाढायचं तर आधी आभाळ भरून यायला हवं, मृगाचा पाऊस पडायला हवा. मग धरणं भरतात, विसर्गाचे क्युसेकमधले आकडे बातम्यांत येतात आणि पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो. लहानपणापासून हेच बघत आल्यामुळे डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो : पाऊस नाही म्हणजे पूर नाही.

हाच हिशेब घेऊन आपण उन्हाळी सुट्टीत मनाली, कसोल, स्पिती, लडाख किंवा चारधामला जातो आणि तिथे तो साफ उलटा पडतो. बियास, पार्वती, चंद्रा, भागीरथी, मंदाकिनी या बर्फावर पोसलेल्या नद्या. एप्रिलच्या शेवटापासून त्या वाढू लागतात आणि मे-जूनमध्ये भरात असतात. तिथे निळं आभाळ आणि कडक ऊन हीच पाणी वाढण्याची खूण. ढगाळ, गार दिवशी नदी त्यामानाने शांत असते. म्हणजे आपण ज्या दिवशी ‘आज मस्त ऊन आहे, चला नदीवर’ म्हणतो, तोच दिवस जपून राहायचा. खालचं सगळं या एका उलटेपणातून निघतं.

आधी नदीचा दिवस समजून घ्या

सूर्य वर आला की नऊ-दहाच्या सुमाराला उतारांवरचा बर्फ सुटू लागतो आणि दुपारी वितळण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. ते पाणी आधी लहान ओढ्यांत, मग नाल्यांत आणि शेवटी नदीत येतं. बर्फाच्या पायथ्याशी असलेला ओढा दुपारी तीन-चारलाच फुगतो. तोच फुगवटा खालच्या गावात संध्याकाळी पोहोचतो, आणखी खाली गेलात तर रात्री. रात्री वर गोठतं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात कमी. सकाळी आठला चप्पलही न भिजवता ज्या खडकावर जाऊन बसलात, त्याच खडकावरून चारला परत यायला वाट उरलेली नसते. पाणी धडाधड येतंच असं नाही, गुपचूप चढतं. पाठ करून गप्पा मारत बसलेल्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

या वेळापत्रकाला अपवाद आहेत. रात्र उबदार आणि ढगाळ गेली तर वर गोठत नाही, मग पहाटेही पाणी उतरत नाही. आणि बर्फावर पाऊस पडला तर सगळीच गणितं चुकतात, कारण पावसाचं पाणी आणि बर्फाचं पाणी एकदम खाली येतं. 16-17 जून 2013 ला केदारनाथला जे झालं त्यात पाऊस वेळेआधी आणि प्रचंड पडला होता, वर बर्फ होता आणि त्यात चोराबारी ताल, म्हणजे केदारनाथच्या वरचा तलाव, फुटला. तेव्हा जूनमध्ये वरच्या भागात पाऊस लागला असेल तर त्या दिवशी नदीकाठचा बेत रद्द. त्यावर घरात चर्चा नको.

उन्हाशी संबंध नसलेलं पाणी

हिमाचल आणि उत्तराखंडमधल्या बहुतेक मोठ्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प आहेत. त्यांतल्या पुष्कळांची धरणं आपल्या कोयनेसारखी अवाढव्य साठ्याची नाहीत. अडवलेलं पाणी बोगद्यातून टर्बाइनवर जातं. विजेची मागणी घटली, निर्मिती कमी केली की टर्बाइनकडे जाणारं पाणी मागे साचायला लागतं आणि मग दरवाजे उघडावे लागतात. वितळणाऱ्या बर्फाच्या दिवसांत तर वरून येणारा ओघच मोठा असतो.

8 जून 2014 च्या संध्याकाळी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक माणूस असेच वाहून गेले. वर लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. त्या घटनेनंतर भोंगे, लाल-पिवळे फलक, कुंपणं बरीच वाढली. तरी भोंग्यावर विसंबू नका. नदीचाच आवाज एवढा असतो की वळणापलीकडचा भोंगा ऐकू येईल याची खात्री नाही. ‘बांध से पानी कभी भी छोडा जा सकता है’ असा फलक दिसला की त्याचा सरळ अर्थ घ्यायचा : या पात्रात उतरायचं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ही नाही.

घरून निघताना

बुकिंग करतानाच नदीचा विचार करा. ‘रिव्हर साइड’ किंवा ‘रिव्हर टच’ असं लिहिलेल्या मुक्कामाचे पैसे जास्त असतात, आणि लोक हौसेने देतात. माझं मत विचाराल तर नदी दिसावी, पण दोन मजले खाली. तंबूचा कॅम्प असेल तर फोनवर तीन प्रश्न विचारा. तंबू पाण्यापासून किती उंचीवर आहेत? (‘किती लांब’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, सपाट वाळवंटावर शंभर फूट लांब असलेला तंबूही पाण्यातच असतो.) रात्री पाणी वाढलं तर वर जायची वाट कुठून आहे? जुलै 2023 मध्ये इथे काय झालं होतं? त्या महिन्यात 9 आणि 10 तारखेला बियासने कुल्लू-मनाली पट्ट्यातली काठावरची बांधकामं, रस्ते, पूल नेले. तो पावसाळ्याचा पूर होता, बर्फाचा नव्हे. पण नदी कुठवर येऊ शकते हे त्याने सगळ्यांना दाखवलं. उत्तर टाळणाऱ्या माणसाकडे मुक्काम करू नये.

मोबाइलमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि हवामान खात्याचं ‘मौसम’ ही दोन ॲप टाकून ठेवा. आपत्कालीन क्रमांक 112, रुग्णवाहिका 108, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077. हे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोन भिजतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना लॉक उघडता येत नाही. ग्रामफू ते कुंझुम या चंद्रा खोऱ्यातल्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी नेटवर्कच नसतं. तिथे तुमच्या मदतीला येणार फक्त मागून येणारी गाडी.

बॅगेत टाकायच्या वस्तू थोड्याच : घट्ट बसणारे, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट, एक शिट्टी, पंधरा-वीस मीटर जाड नायलॉनची दोरी, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोरी कशाला म्हणून घरात कोणी हसेल, हसू द्या.

दिवस उलटा आखा

पाण्याशी संबंध येणार ती सगळी कामं सकाळी, बाकीची दुपारी. नाले ओलांडायचे असतील, नदीकाठच्या वाटेने चालायचं असेल, तर पहाटे निघा. देऊळ, बाजार, वस्तुसंग्रहालय दुपारनंतर. आपले टूरवाले बऱ्याचदा नेमकं याच्या उलट करतात, कारण नाश्ता साडेआठला असतो.

लाहौल-स्पितीत गाडी चालवणारे स्थानिक ड्रायव्हर हा नियम काटेकोर पाळतात. मनालीहून काझाला निघायचं असलं की ‘चार बजे, साब’ म्हणतात आणि खरंच चारला हॉर्न देतात. आमच्या गाडीतल्या एका काकांनी चहाशिवाय कसं निघायचं यावर मोठी बाजू मांडली होती. ड्रायव्हरने काही वाद घातला नाही, फक्त सांगितलं की चहा छतडूला मिळेल, नाला दुपारी मिळणार नाही. छतडूच्या पुढच्या नाल्यावर आम्ही सकाळी लवकर पोहोचलो तेव्हा चाकाच्या अर्ध्याच्या खाली पाणी होतं आणि तळाचे गोटे मोजता येत होते. ड्रायव्हर तरीही खाली उतरला, काठावर दोन मिनिटं उभा राहून नुसतं बघत राहिला आणि मग गाडी घातली. ड्रायव्हर घाई करतोय म्हणून कटकट करू नका. तो ‘आज नहीं जाएगा’ म्हणाला तर जास्त पैशांचं आमिष तर मुळीच दाखवू नका.

काठावर पोहोचल्यावरची पहिली पाच मिनिटं

पोरं लगेच पाण्याकडे धावतात. त्यांना धरा आणि आधी नदी वाचा.

पाण्याच्या कडेचा एखादा मोठा धोंडा निवडा आणि पाणी जिथे त्याला टेकतं तिथे बघा. पाण्याच्या वर वीतभर ओली, काळपट पट्टी दिसत असेल तर पाणी नुकतंच तिथवर होतं आणि आता उतरतंय. कोरडा, पांढुरका दगड थेट पाण्यात गेलेला दिसला, किंवा गवताची पाती पाण्याखाली डोलताना दिसली, तर पाणी चढतंय. (जिथे सतत तुषार उडतात तिथला दगड घेऊ नका, तो कायमच ओला.) मग पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा किंवा ओळखू येईल असा दगड ठेवा आणि घड्याळ बघा. दहा-पंधरा मिनिटांनी काडी पाण्यात गेलेली असेल तर सामान उचला. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांनाच पहारेकरी नेमा.

त्यानंतर वर बघा. झुडपांत, खडकांच्या फटीत अडकलेल्या काटक्या, प्लॅस्टिक, ओंडके कुठवर आहेत? तिथवर नदी कधीतरी आलेली आहे. चटई त्याच्या वर टाकायची. आणि पळायची वाट कुठून, हे आत्ताच ठरवून टाका. दोन्ही बाजूंना सरळ कडा असलेल्या घळीत बसायला जागा कितीही सुंदर असली तरी तिथून वर चढता येत नाही.

रंग आणि आवाजही सांगतात. हिमनदीतून येणारं पाणी दुधट, राखाडी असतं, ते नेहमीचंच. पण स्वच्छ किंवा दुधट पाणी अचानक तपकिरी झालं, त्यात पालापाचोळा, फांद्या येऊ लागल्या, तर वर कुठेतरी दरड आली आहे किंवा पाण्याचा लोंढा सुटला आहे. तळातून गडगड, धप्प असे आवाज येऊ लागले तर पाणी धोंडे लोटत आणतंय. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे नदी अचानक कमी होणं. लोक खूश होऊन आत उतरतात. प्रत्यक्षात वर दरडीने पाणी अडलेलं असू शकतं आणि ती दरड फुटली की सगळं एकदम खाली येतं. यांतलं काहीही दिसलं तर सामान सोडा आणि वर चढा. नदीच्या कडेने खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं.

आता फोटोबद्दल. धारेच्या मधल्या खडकावर जाऊन बसायचं नाही. काठावर बसलेल्याला मागे सरकता येतं, मधल्या खडकावरच्याला येत नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब असंच मध्ये अडकलं आणि काठावरच्या गर्दीसमोर वाहून गेलं. ते पावसाचं पाणी होतं, सापळा मात्र हाच. सेल्फी घेताना पाठ पाण्याकडे असते, पायाखाली शेवाळ असतं. फोटो काढायचाच तर दुसऱ्याने काढावा, आणि काढणाऱ्याने मागे-मागे सरकायचं नाही.

चप्पल, टोपी, चेंडू, मोबाइल पाण्यात पडला की गेला. त्याच्यामागे हात घालायचा नाही, ही गोष्ट मुलांना आणि जावयांना दोघांनाही आधी बजावून ठेवा. आणि नदीत बीअर थंड करत बसणाऱ्या मंडळींसाठी एवढंच की ती बाटली उचलायला जाणारा माणूस आधीच तीन प्यालेला असतो.

स्नानासाठी जाणाऱ्यांनी

गंगोत्री आणि यमुनोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात, म्हणजे नेमकी पाणी वाढायच्या दिवसांत. आपल्याकडून जाणाऱ्यांत आजी-आजोबा पुष्कळ असतात आणि त्यांना ‘नदीत उतरू नका’ म्हणणं सोपं नाही. गंगोत्रीला भागीरथी वरच्या हिमनदीतून फार लांबून आलेली नसते, त्यामुळे पाणी अतिशय गार आणि दुपारनंतर जोरात. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात तिथे घाटाच्या पायऱ्या निमुळत्या आहेत आणि दोन्ही प्रवाहांचा खेच वेगवेगळा आहे.

स्नान सकाळी करा. साखळी असेल तिथेच, साखळी हातात धरूनच, आणि तीही एका पायरीवर बसून. बुडी मारायचा हट्ट नको. तांब्याने डोक्यावर घेतलेलं पाणीही गंगेचंच असतं, आणि आपल्या घरच्या मोठ्या माणसांना हे पटतं, फक्त आपण चेष्टेच्या सुरात सांगायचं नाही. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी एकदम गार पाणी अंगावर घेऊ नये. आधी हातपाय, मग तोंड, मग खांदे. प्रत्येक आजी-आजोबांबरोबर घरातला एक धडधाकट माणूस वरच्या पायरीवर उभा हवा, आणि त्याने त्या वेळी व्हिडिओ काढायचा नाही.

रस्त्यावरून वाहणारा नाला

गाडी थांबवून उतरा आणि बघा. तळ दिसत नसेल, पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल किंवा धोंडे लोटले जात असतील तर परत फिरा किंवा पहाटेपर्यंत थांबा. वाहतं पाणी साधारण 30 सेंटिमीटर खोल असेल तर लहान मोटार तरंगायला लागू शकते, 60 सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. मोठी जीपसुद्धा यात आली. समोरचा ट्रक गेला म्हणून आपली हॅचबॅक जाईल असं नाही.

जायचंच ठरलं तर पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. काचा खाली, सीटबेल्ट सोडलेले. एका वेळी एकच गाडी. पुढची पलीकडे चढल्याशिवाय मागची घालायची नाही. मोटारसायकलवाल्यांनी मागच्याला उतरवावं. गाडी अडकली आणि ढकलायला माणसं लागली तर सगळ्यांनी वरच्या, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला उभं राहायचं. खालच्या बाजूला उभा असलेला माणूस गाडी पडली की तिच्याखाली जातो.

पायी ओलांडताना

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून थोडा सविस्तर. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा पायावरचा रेटा चौपट होतो. म्हणून ‘फक्त गुडघ्यापर्यंतच तर आहे’ याला अर्थ नाही. वेगाने जाणारं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी मोठ्या माणसाला पाडू शकतं. आपली मर्यादा गुडघा. त्याच्या वर असेल तर थांबायचं, आणि हंपटासारख्या ट्रेकवर गाइड सकाळी लवकर उठवतो तेव्हा उठायचं.

1. अरुंद जागा बघून भुलू नका, अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. पात्र पसरून दोन-तीन धारांत वाटलं गेलं असेल तिथे ओलांडा.
2. ओलांडायच्या जागेच्या खाली काय आहे ते आधी जाऊन बघा. धबधबा, मोठे धोंडे किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.
3. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. पडलात तर पिशवी टाकता आली पाहिजे.
4. बूट काढू नका. अनवाणी पायाला गार पाण्यात दोन मिनिटांनी काही कळत नाही.
5. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. एक पाऊल पक्कं बसल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत.
6. जमलं तर तिघे-चौघे एकमेकांचे खांदे किंवा दंड घट्ट धरून जा. सर्वांत दणकट माणूस पाण्याच्या वरच्या बाजूला.
7. कमरेला दोरी बांधून कोणालाही पाण्यात पाठवू नका. तो पडला की दोरी ताणते आणि पाणी त्याला खाली दाबून धरतं. दोरी हातात धरायला असते, अंगाला बांधायला नव्हे.

बर्फाचे पूल हा वेगळाच प्रकार. मे-जूनमध्ये नाल्यांवर कडक बर्फाची कमान उरलेली असते आणि खालून पाणी तिला पोखरत असतं. मधोमध खोलगट झालेली, ओली-काळपट, भेगा पडलेली कमान ओलांडायची नाही. काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तरी नाही. सकाळी कडक असताना, गाइडच्या पावलावर पाऊल ठेवून, एकेकाने. आणि त्या कमानीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढणं अजिबात नको.

राफ्टिंग

कुल्लूजवळ पिरडीपासून बियासमध्ये राफ्टिंग होतं, ऋषिकेशच्या वर शिवपुरीला गंगेत. पाणी चढलं की तेच अंतर जास्त अवघड होतं. परवाना असलेल्या माणसाकडेच जा आणि लाइफ जॅकेट स्वतः तपासा. सगळे पट्टे लावल्यावर कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. हेल्मेट फुटकं असेल तर बदलून मागा. गाइडने ‘आज छोटा राउंड’ म्हटलं तर पैसे वसूल झाले नाहीत म्हणून भांडू नका. हिमाचलात 15 जुलै ते 15 सप्टेंबर राफ्टिंगला बंदी असते. त्या काळात कोणी ‘करवा देंगे’ म्हणाला तर तिथून निघा.

पाण्यात पडलात तर

हे पाणी बहुतेक वेळा 10 अंशांच्या खालीच असतं. पडल्यावर पहिलं मिनिटभर आपोआप धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. तेवढ्यात तोंडात पाणी गेलं की खेळ संपतो. म्हणून पहिलं काम पोहणं नाही, तोंड वर ठेवून श्वास आवरणं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, मग बोटं वळत नाहीत. अंग पूर्ण गार पडून शुद्ध जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तासाच्या आसपास. पण लाइफ जॅकेट नसेल तर तिथवर कोणी पोहोचत नाही. तलावात रोज हजार मीटर पोहणाऱ्यालाही हे लागू आहे. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला नीट तोलूनही धरत नाही.

पाठीवर व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे, म्हणजे धोंडा आला तर पायाने ढकलता येतो. गुडघ्याच्या वर वेगवान पाणी असेल तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांत अडकतो आणि पाणी वरून दाबतं. हातांनी वल्हवत काठाकडे तिरपं सरका, प्रवाहाच्या विरुद्ध नाही. पुढे आडवं झाड दिसलं आणि चुकवता येत नसेल तरच पालथे व्हा, जोरात पाय मारा आणि त्याच्यावर चढा, खालून जाऊ नका.

दुसरा कोणी पडला तर

उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. काठी, फांदी, ट्रेकिंग पोल पुढे करा, ते करताना स्वतः आडवे झोपा. लांब असेल तर दोरी फेका, दोरी नसेल तर ओढण्या किंवा साडी गाठ मारून. रिकामे बंद कॅन, मोठी पाण्याची बाटली, फुगवलेली पिशवी, तरंगेल ते काहीही. एकाने खालच्या बाजूला पळत पुढे जाऊन थांबायचं, एकाने 112 लावायचा, आणि एकाने फक्त बोट त्या माणसाकडे धरून ठेवायचं. नजर एकदा हटली की फेसात डोकं पुन्हा सापडत नाही. हातात हात गुंफून पाण्यात साखळी करणं चित्रपटात शोभतं, वेगवान पाण्यात अख्खी साखळी जाते.

बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायचं नाही. त्यात मिनिटं वाया जातात आणि ओकारी छातीत जाते. श्वास चालू नसेल, किंवा मधूनच एखादी आचकी येत असेल, तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक बंद करून तोंडाने आधी श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर 30 वेळा दाब, 2 श्वास, पुन्हा 30. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. गार पाण्यातून काढलेला माणूस निळा, ताठ, मेल्यासारखा दिसतो, तरी डॉक्टर येईपर्यंत थांबू नका.

श्वास चालू असेल तर वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, शेजारी दोघे चिकटून बसा. हातपाय चोळू नका, शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नका, ब्रँडी तर नकोच. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड चहा. पाणी प्यायलेला माणूस तासाभरात उठून बसला, हसू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्या आणि निदान काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास नंतरही सुरू होतो. खोकला वाढला, धाप लागली किंवा तो गुंगल्यासारखा वागू लागला तर हॉटेलवर ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणून ठेवायचं नाही. ड्रायव्हरला सरळ जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे गाडी घ्यायला सांगा. कुल्लू-मनाली-कसोल पट्ट्यात असाल तर कुल्लूचं प्रादेशिक रुग्णालय. वरच्या गावांतून यायला वेळ लागतो, म्हणून 108 ला फोन करून वाटेत कुठे गाठ पडेल तेही विचारून घ्या.